जेवताना रोज ठसका लागतोय? तो कधी लागतो ते आधी पाहा

पक्षाघातानंतर, पार्किन्सनमध्ये, डिमेन्शियात, मानेच्या कॅन्सरवर रेडिएशन झाल्यावर, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांमध्ये गिळणं बिघडतं. भरवणाऱ्यांची तक्रार मात्र बहुतेक वेळा एकच असते: काल ठीक चाललं होतं, आज परत ठसका. मग कोणी अन्न आणखी पातळ करतं, कोणी आणखी दाट करतं, आणि गोंधळ वाढत जातो. ठसका हे लक्षण आहे. त्यामागे सात-आठ वेगवेगळी कारणं असू शकतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात अपाय करतो. म्हणून अन्नाला हात लावण्याआधी ठसका जेवणात नेमका कधी लागतो ते पाहायचं: घास गिळण्याआधी, गिळताना, गिळून झाल्यावर, जेवण अर्ध्यावर आल्यावर, की आडवं झाल्यावर.

दोन-तीन दिवस कागदावर टिपून ठेवा. काय खाल्लं, कशाने भरवलं, कसं बसवलं होतं, कितव्या मिनिटाला खोकला आला, त्यानंतर आवाज कसा होता. एका वेळी एकच गोष्ट बदला. खुर्ची, चमचा आणि दाटपणा एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

हे घरी सोडवत बसू नका

गिळण्याचा त्रास अचानक सुरू झाला असेल आणि सोबत तोंड वाकडं झालं असेल, हात उचलत नसेल किंवा बोलणं बोबडं झालं असेल, तर तो पक्षाघात समजून लगेच रुग्णवाहिका बोलवा. तोंडाने पाण्याचा थेंबही देऊ नका. लाळसुद्धा गिळता येत नसेल, घट्ट पदार्थ छातीच्या मागे अडकल्यासारखे वाटत असतील आणि ते दिवसेंदिवस वाढत असेल, वजन उतरत असेल, पुन्हा पुन्हा छातीत कफ होऊन ताप येत असेल, तर आधी डॉक्टर. तज्ज्ञांनी ‘तोंडाने काहीही द्यायचं नाही’ असं सांगितलं असेल तर या लेखातलं भरवण्याबद्दलचं काहीही तुमच्यासाठी नाही.

घास अडकलाच तर

खोकता येतंय, बोलता येतंय, श्वास जातोय, तर खोकू द्या. माणसाला पुढे झुकवा आणि खोकायला सांगा. पाणी पाजू नका, मान वर करायला लावू नका. पाणी अडकलेल्या घासाच्या बाजूने थेट खाली उतरतं आणि मान वर गेली की श्वासनलिकेची वाट आणखी मोकळी होते. घाबरून हमखास केल्या जाणाऱ्या या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही उलट्या पडतात.

खोकल्याचा आवाजच येत नाही, बोलता येत नाही, चेहरा निळा पडतोय, तर खरा अडथळा आहे. मदतीला कोणाला तरी हाक मारा, रुग्णवाहिका बोलवायला सांगा. माणसाला कमरेतून पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने जोरात पाच फटके मारा. घास निघाला नाही तर मागे उभं राहून बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत-वर असे पाच झटके द्या. घास निघेपर्यंत पाच फटके, पाच झटके आलटून पालटून. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नसतात. त्याचं डोकं खाली ठेवून पाठीवर पाच फटके आणि मग छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाब. गरोदर बाईलाही पोटाऐवजी छातीवर झटके. माणूस बेशुद्ध पडला तर जमिनीवर झोपवून सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा. दिसत नसलेला घास काढायला तोंडात बोटं घालू नका, तो आणखी खोल जातो.

भरवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा प्रशिक्षण घेऊन हाताने करून पाहिलेलं असावं. वाचून येत नाही.

गिळताना आत काय होतं

घशात हवा आणि अन्न यांची वाट एकच आहे. घास जिभेने मागे ढकलला की स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरचं झाकण खाली येतं, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. हे सगळं साधारण एका सेकंदात उरकतं. गळ्यावर बोटं हलकेच ठेवली तर कंठमणी वर जाऊन खाली आलेला कळतो. भरवणाऱ्याला मिळणारी ‘गिळलं’ याची सगळ्यात सोपी खूण हीच. या सेकंदात उशीर झाला, स्वरयंत्र पुरतं उचललं गेलं नाही किंवा घशात अर्धा घास मागे राहिला, तर अन्न श्वासनलिकेकडे उतरतं.

पाणी सगळ्यात वेगाने धावतं, म्हणून ज्यांचं गिळणं उशिरा सुरू होतं त्यांना पाण्याचाच त्रास जास्त होतो. ज्यांच्या घशाचे स्नायू दुबळे आहेत त्यांच्याकडून घट्ट आणि चिकट घास पुरता ढकलला जात नाही. दोघांनाही ठसकाच लागतो, पण पहिल्याला दाट द्रव उपयोगी पडू शकतं आणि दुसऱ्याच्या घशात तेच दाट द्रव चिकटून राहतं.

गिळण्याआधीच ठसका: बैठक, पेला, चमचा

घास तोंडात जाताच, चावायच्या आधीच खोकला येत असेल तर अन्न जिभेवरून आपोआप मागे घसरतंय. इथे पहिला संशय अन्नावर घेऊ नका, मानेवर घ्या.

नितंब खुर्चीच्या पाठीला टेकलेले, कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात, पाऊल पूर्ण टेकलेलं. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा लाकडी ठोकळा ठेवा. पायाला आधार नसेल तर धड सावरण्यात ताकद जाते आणि मान मागे जाते. डोकं मध्यावर, हनुवटी किंचित खाली. ‘हनुवटी छातीला लावून गिळा’ ही वेगळी युक्ती आहे. ती सगळ्यांना लागू नाही आणि काहींना त्याने त्रास वाढतो. गिळण्याचा त्रास तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टने सांगितली असेल तरच वापरा. पलंगावरच भरवायचं असेल तर नुसत्या डोक्याखाली उशा रचू नका. त्याने मान दुमडते आणि पाठ तशीच आडवी राहते. पलंगाचा भाग कमरेपासून उचला, माणसाला आधी वर सरकवा, गुडघ्याखाली उशी द्या म्हणजे तो खाली घसरणार नाही.

आता तुम्ही कुठे आहात ते पाहा. उभं राहून भरवणं ही आम्हाला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आहे. भरवणारा उभा असला की जेवणारा वर बघतो, वर बघितलं की मान मागे जाते आणि तोंडातलं सगळं घशात ओघळतं. समोर किंवा जरासं बाजूला, डोळ्याला डोळा येईल इतक्या उंचीवर बसा. चमचा खालून, समोरून आणा.

पेल्याचंही तसंच. पेला अर्ध्याच्या खाली गेला की शेवटच्या घोटासाठी डोकं मागे टाकावं लागतं. पेला भरलेला ठेवा किंवा नाकाच्या जागी कापलेली खाच असलेला पेला घ्या. तो तिरका केला तरी कड नाकाला अडत नाही आणि मान सरळ राहते. चोचीचे पेले सोयीचे वाटतात, पण त्यांनी बहुतेकांचं डोकं मागेच जातं. स्ट्रॉने एका वेळी किती द्रव येतं यावर ताबा राहत नाही, तेव्हा ती विचारूनच.

चमचा सपाट आणि उथळ असावा. चहाचा एक चमचा म्हणजे सुमारे ५ मिली. सुरुवात अर्ध्या चमच्याने करा. चमचा जिभेच्या मध्यावर ठेवून हलका दाब द्या, ओठ मिटू द्या आणि चमचा सरळ बाहेर ओढा. वरच्या दातांवर किंवा टाळूवर चमचा घासून अन्न ‘पुसून’ टाकू नका, त्याने मान वर जाते आणि ओठ मिटायची सवयच लागत नाही. काहींचा जबडा चमचा लागताच घट्ट मिटतो. अशा वेळी चमचा ओढाल तर दात दुखावतील आणि पकड आणखी घट्ट होईल. हात तसाच ठेवून थांबा, जबडा आपोआप सैल होतो. त्यांच्यासाठी तुटणारा पातळ प्लॅस्टिकचा चमचा चालत नाही, मऊ सिलिकॉनचं आवरण असलेला घ्या.

पाण्याला किंवा चहालाच ठसका: दाटपणाचा घोळ

बैठक नीट झाली, घोट लहान केला, तरी पातळ द्रवालाच खोकला येत असेल तर दाट द्रवाचा प्रश्न येतो. हे ठरवण्याचं काम स्पीच थेरपिस्टचं आहे, कारण किती दाट हे माणसागणिक बदलतं. गरजेपेक्षा जास्त दाट दिलं की लोक पाणीच कमी पितात. लघवी गडद होणं, जीभ कोरडी पडणं, एकाएकी गोंधळल्यासारखं वागणं, बद्धकोष्ठता ही कमी पाण्याची लक्षणं.

थेरपिस्टने दाटपणा ठरवून दिला आणि तरी ठसका परत सुरू झाला, तर बहुतेक वेळा प्रत्यक्ष पेल्यातला दाटपणा ठरल्याप्रमाणे नसतो. ‘मधासारखं’, ‘सरबतासारखं’ अशा वर्णनांचा अर्थ दहा जण दहा प्रकारे लावतात. त्यासाठी आयडीडीएसआय ही आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरतात, ० ते ७. द्रवांसाठी ० म्हणजे साधं पातळ, १ जेमतेम दाट, २ थोडं दाट, ३ मध्यम दाट, ४ अतिशय दाट. अन्नाच्या बाजूने ३ म्हणजे ओतता येईल असा पातळ लगदा, ४ गुळगुळीत लगदा, ५ बारीक आणि ओलसर, ६ मऊ आणि लहान तुकडे, ७ नेहमीचं अन्न. थेरपिस्टकडून अंकच मागून घ्या.

घरी तपासायला १० मिलीची साधी सिरिंज लागते, सुईशिवाय. शून्यापासून १० मिलीच्या रेषेपर्यंतची लांबी ६१.५ मिमी असलेलीच हवी. सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात आणि लांबी वेगळी असली की निकाल चुकतो.

१. दट्ट्या काढून टाका, खालचं तोंड बोटाने बंद करा.
२. दुसऱ्या सिरिंजने द्रव बरोबर १० मिलीपर्यंत भरा.
३. बोट काढा आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करा.
४. दहा सेकंदांनी बोट परत लावा आणि किती उरलं ते वाचा.

१ मिलीपेक्षा कमी उरलं तर श्रेणी ०. १ ते ४ मिली उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, ८ पेक्षा जास्त उरलं पण थोडं तरी वाहिलं तर ३. काहीच वाहिलं नाही तर ४ किंवा त्याहून दाट, आणि तिथे काट्याची आणि चमच्याची चाचणी करायची. ४ चा लगदा काट्यावर ढिगासारखा राहतो. खाली छोटी शेपटी लोंबली तर चालते, पण सतत ठिबकता कामा नये. चमचा तिरका केला, हवं तर हलकासा झटका दिला, की तो एका गोळ्यात पडतो आणि चमच्यावर फार काही उरत नाही. चमच्याला घट्ट चिकटून बसला तर तो घशालाही चिकटेल.

ज्या तापमानाला प्यायचं त्याच तापमानाला तपासा. गरम असताना बरोबर वाटलेलं सूप गार झाल्यावर दाट होतं.

दाट करणाऱ्या पावडरी दोन जातींच्या असतात आणि निम्मी गडबड इथे होते. स्टार्चची पावडर ठेवल्या ठेवल्या आणखी दाट होत जाते, आणि लाळेतल्या अमायलेज या एन्झाइमने परत पातळ होते. हळू पिणाऱ्या माणसाचा चमचा पुन्हा पुन्हा पेल्यात बुडला की लाळ पेल्यात जाते आणि अर्ध्या तासाने खाली पाणी झालेलं असतं. ‘सुरुवातीला ठीक, शेवटी ठसका’ याचं हे नेहमीचं कारण. झँथन गमच्या पावडरीवर लाळेचा असा परिणाम होत नाही आणि दाटपणा जास्त स्थिर राहतो. कंपनी बदलली तर चमच्याचं माप तेच ठेवू नका, डब्यातलाच चमचा आणि त्याच डब्यावरचं प्रमाण वापरा. आधी पावडर की आधी द्रव, हेही डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते पाळलं नाही तर गुठळ्या होतात. झालेल्या गुठळ्या चमच्याने दाबत बसू नका, ते ओतून नवीन करा. ढवळल्यावर डब्यावर सांगितलेली मिनिटं थांबा. घाईत आणखी अर्धा चमचा टाकला तर पाच मिनिटांनी पेल्यात चिखल तयार असतो. दुधाला वेळ जास्त लागतो. फसफसणारं पेय आधी ढवळून वायू घालवल्याशिवाय नीट दाट होत नाही.

तीन धोके ठळक लक्षात ठेवा. बद्धकोष्ठतेसाठी पाण्यात मिसळून दिली जाणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची (मॅक्रोगोलची) पावडर आणि स्टार्चची दाटपणाची पावडर एकत्र आली की मिश्रण पुन्हा पाण्यासारखं पातळ होतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये यावर इशारा दिला होता. दुसरं, कोरडी पावडर तोंडात गेली तर ती लाळेने फुगून घसा बंद करू शकते. इंग्लंडमध्ये अशा अपघातानंतर २०१५ मध्ये आरोग्यसेवेने सूचना काढली. डबा उशाशी किंवा जेवणाच्या टेबलावर ठेवायचा नाही. तिसरं, तान्ह्या बाळांना, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय यातली कोणतीही पावडर देऊ नका. आतड्यांच्या गंभीर आजाराच्या घटनांनंतर अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये झँथन गमच्या एका उत्पादनाबद्दल तसा इशारा दिला होता.

ठराविक पदार्थांनाच ठसका

वहीत एकच पदार्थ पुन्हा पुन्हा दिसत असेल तर त्यात दोन पोत मिसळले आहेत का ते बघा. तुकडे असलेलं सूप, दुधात भिजलेले कुरकुरीत पदार्थ, कलिंगड, संत्रं. तोंड तुकडा चावत असतं तेव्हा पाणी आधीच घशात उतरलेलं असतं. आइस्क्रीम आणि जेली तोंडात वितळून पातळ होतात, म्हणून ज्यांना दाट द्रव सांगितलंय त्यांना ती ‘मऊ’ असूनही चालत नाहीत. दही फाटून कडेला पाणी सुटलं तर ते पाणी काढा किंवा परत एकजीव करा.

मोकळा फडफडीत भात हा चकवा आहे. मऊ असतो, पण दाणे तोंडभर पसरतात आणि गोळा बांधला जात नाही. चिकट गोळ्याचा भातही नको. दाणे दाट रश्श्यात एकत्र धरून राहतील असा, आणि कडेला पाणी सुटणार नाही असा हवा. ब्रेड लाळेत भिजला की लगद्याचा बोळा होऊन टाळूला चिकटतो, तेव्हा श्रेणी ५ आणि ६ मध्ये तो विचारल्याशिवाय नाही. शेंगदाणे, लाह्या, भुरभुरणारी बिस्किटं, द्राक्षांसारखी सालीची गोल फळं, दोऱ्यांच्या भाज्या धोक्याच्याच.

श्रेणी ५ मध्ये मोठ्या माणसांसाठी तुकडा ४ मिमीच्या आत, म्हणजे साध्या काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढा. मुलांसाठी २ मिमी. श्रेणी ६ मध्ये मोठ्यांसाठी दीड सेंटीमीटर, मुलांसाठी ८ मिमी. आकारापुरतं थांबू नका. काटा तुकड्यावर ठेवून अंगठ्याने नख पांढरं पडेपर्यंत दाबा. तुकडा चिरडला गेला पाहिजे आणि काटा उचलल्यावर परत फुगता कामा नये. वरून शिजलेला आणि आत टणक राहिलेला गाजराचा तुकडा इथे पकडला जातो, डोळ्यांना तो दिसत नाही.

लगदा करताना नुसतं पाणी घालत गेलं तर पोट भरतं आणि पोषण निम्मं होतं. पाण्याऐवजी दूध, डाळीचं किंवा भाजीचं दाट पाणी, थोडं तूप किंवा तेल घाला. साली, बिया, दोरे राहत असतील तर गाळणीतून काढा.

घास तोंडातच राहतो

दोन प्रकार आहेत. पक्षाघातात एका गालाला कळत नाही, तिथे अन्न साठतं आणि जेवण संपल्यावर अर्ध्या तासाने घसरून ठसका लागतो. चमचा चांगल्या बाजूला ठेवा, दर तीन-चार घासांनी ‘जीभ त्या गालात फिरवा’ असं सांगा आणि जेवणानंतर बॅटरी लावून गाल तपासा. ज्यांचं एका बाजूला लक्षच जात नाही, त्यांच्यासाठी ताट आणि तुम्ही, दोन्ही लक्ष जाणाऱ्या बाजूला.

डिमेन्शियात घास तोंडात धरून माणूस बसून राहतो, पुढे काय करायचं ते सुचत नाही. ‘गिळा, गिळा’ चा धोशा लावून उपयोग होत नाही. रिकामा चमचा जिभेला लावा, किंवा त्यांच्याच हातात चमचा देऊन त्यावर आपला हात धरून तोंडाकडे न्या. गार घास किंवा ठळक चवीचा घास काहींमध्ये गिळणं चालू करतो. टीव्ही बंद, एकच माणूस बोलणारा, ताटात एकच पदार्थ. तोंडात घास असताना प्रश्न विचारू नका. आधीचा घास गेल्याशिवाय दुसरा भरवणं तर अजिबात नको; तोबरा भरला की जबरदस्तीने गिळवायचा प्रयत्न होतो आणि नेमका तिथे घास अडकतो.

कवळी सैल झाली असेल तर चावणंच होत नाही. वजन उतरलेल्या माणसांत हे फार वेळा निसटतं.

गिळल्यावर आवाज ओला, घरघरता

प्रत्येक काही घासांनी ‘आ’ म्हणायला लावा. आवाज पाण्यातून आल्यासारखा वाटला तर स्वरयंत्रावर किंवा त्याच्या आसपास काहीतरी साचलंय. खाकरायला सांगा, कोरडा आवंढा गिळायला सांगा, परत ‘आ’. साफ झाला तर पुढचा घास, नाही तर थांबा. घशात शिल्लक राहणाऱ्यांना प्रत्येक घासामागे दोनदा गिळायची सवय लावली की बराच फरक पडतो. घास आणि घोट आलटून पालटून द्यायची युक्ती थेरपिस्टने संमत केलेल्या दाटपणाच्या द्रवानेच करा. तोंड कोरडं असेल तर घास सरकतच नाही. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीच्या अनेक गोळ्यांनी लाळ आटते, तेव्हा औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

सुरुवात छान, वीस मिनिटांनी खोकला

थकवा. गिळण्याचे स्नायू दमले की वेळ चुकू लागते. जेवण अर्ध्या तासात आटोपतं घ्या, उरलेलं दोन तासांनी द्या. तीन मोठ्या जेवणांपेक्षा पाच-सहा लहान बरी, आणि सगळ्यात पौष्टिक पदार्थ आधी. त्याच वेळी बैठकही तपासा. वीस मिनिटांत बरेच जण खुर्चीत चार बोटं खाली घसरलेले असतात. पार्किन्सनमध्ये जेवणाची वेळ औषधाचा अंमल चांगला असण्याच्या काळात बसवा, ती कोणती हे डॉक्टरांबरोबर ठरवा. झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळीनंतर भरवू नका. डोळे मिटत असतील तर जेवण पुढे ढकला. अर्धवट झोपेत भरवलेला घास पोटात जाईलच याची खात्री नसते.

जेवण झालं, आडवं झालं आणि खोकला

जेवणानंतर किमान अर्धा तास ताठ बसवून ठेवा. तरीही रात्री खोकला, आंबट पाणी, छातीत जळजळ असेल तर पोटातलं वर येतंय. त्याचा उपाय दाटपणात नाही, डॉक्टरांकडे आहे. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली.

गोळ्यांना ठसका

गोळी पाण्याबरोबर देणं म्हणजे पुन्हा दोन पोतांचा मिश्र घास. अनेकांना ती चमचाभर गुळगुळीत लगद्यात ठेवून जाते. कुटून देण्याआधी फार्मासिस्टला विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो, आणि आम्लापासून वाचवणारं आवरण असलेली गोळी कुटली तर औषध पोटातच वाया जातं. बऱ्याच औषधांचं पातळ रूप मिळतं, पण ते ठरल्या दाटपणापेक्षा पातळ असतं, तेव्हा तेही विचारूनच.

ठसका लागतच नाही, तरी ताप येतो

हा सगळ्यात फसवा प्रकार. घशाची संवेदना गेली की अन्न श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही. जेवताना डोळ्यांत पाणी, नाक वाहणं, श्वास भरभर चालणं, चेहऱ्याचा रंग बदलणं, जेवणानंतर तासाभरात ताप, किंवा काही महिन्यांत दुसऱ्यांदा न्यूमोनिया, यातलं काहीही दिसलं तर तपासणी करून घ्या. त्यासाठी बेरियम मिसळलेले घास एक्स-रेखाली पाहण्याची व्हिडिओफ्लुरोस्कोपी किंवा नाकातून बारीक कॅमेरा घालून करायची ‘फीस’ तपासणी असते. बाहेरून बघून हे ठरत नाही.

फुप्फुसात काय उतरतं यावरही बरंच अवलंबून असतं. अस्वच्छ तोंडातली लाळ जंतू घेऊन खाली जाते. गिळण्याच्या विकारांच्या संशोधक सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत न्यूमोनियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये दुसऱ्याच्या हातून जेवावं लागणं, तोंडाची स्वच्छता दुसऱ्यावर अवलंबून असणं आणि किडलेले दात या होत्या. म्हणून जमेल तितकं त्यांच्याच हाताने जेवू द्या, सांडलं तरी चालेल. दिवसातून दोनदा दात, हिरड्या, जीभ मऊ ब्रशने साफ करा. टूथपेस्ट मटाराएवढी, फेस कमी होणारी, माणूस बसलेला आणि डोकं पुढे झुकलेलं. तोंडात दात नाहीत म्हणून ही स्वच्छता टळत नाही. कवळी रात्री काढून धुवायची. काही केंद्रांत जेवणाव्यतिरिक्तच्या वेळी, तोंड स्वच्छ करून साधं पाणी द्यायची पद्धत आहे, पण कोणाला आणि कधी हे थेरपिस्टनेच सांगायचं.

भरवणारे बदलले की सगळं परत पहिल्यापासून

सकाळी एक जण, रात्री दुसरा, सुट्टीत पाहुणे. ठरलेलं सगळं इथे मोडतं. जेवायच्या जागी भिंतीवर एक कागद लावा आणि त्यावर मोघम काही लिहू नका. ‘सावकाश भरवा’ याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या परीने लावतो. ‘अर्धा चमचा, कंठमणी वर जाऊन खाली आल्यावरच पुढचा’ हे सगळ्यांना एकच कळतं. द्रवाची श्रेणी आणि पावडरीचं नाव, २०० मिलीला किती चमचे, किती मिनिटं थांबायचं, अन्नाची श्रेणी, कोणत्या बाजूने भरवायचं, चश्मा, कवळी, श्रवणयंत्र लावलं का, न देण्याचे पदार्थ नावानिशी, जेवणानंतर किती वाजेपर्यंत बसवायचं, आणि कोणती खूण दिसली की जेवण तिथेच थांबवायचं. शेवटी तारीख घाला. थेरपिस्टने श्रेणी बदलली की जुना कागद फाडून टाका, नव्याच्या शेजारी लटकत ठेवू नका.